शब्दांचे टिपणकार जेम्स मरे

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ एक गाव आहे. त्याचे नाव इंग्रजीत एच, ए, डब्ल्यू, आय, सी आणि के अशा सहा अक्षरांनी लिहितात. परका माणूस ते ‘हाविक’ असे वाचील. गावातील लोक मात्र ‘हॉइक’ म्हणतात. मधला डब्ल्यू लिहायचा, पण त्याचा ‘व’ उच्चारायचा नाही. इंग्रजी शिकणाऱ्याला असे शब्द पदोपदी भेटतात. अक्षरे एक सांगतात, उच्चार दुसराच असतो आणि शब्द जरा अपरिचित असला तर अर्थाचाही पत्ता लागत नाही. अशा शब्दांची, त्यांच्या अर्थांची आणि उच्चारांची नोंद करण्यात ज्यांनी आयुष्याची ३६ वर्षे वेचली, ते सर जेम्स मरे या हॉइकच्या परिसरातलेच होते.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ रोजी हॉइकजवळच्या डेनम या खेड्यात झाला. वडील थॉमस मरे शिंपीकाम करीत. घरची परिस्थिती बेताची होती, त्यामुळे वयाच्या चौदाव्या वर्षी जेम्सची शाळा सुटली. पुढे तो शिकला तो स्वतःच्या बळावर. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच अशा भाषा त्याने पुस्तके मिळवून आत्मसात केल्या. रानफुले, दगड, जुनी थडगी, आकाशातील तारे यांपैकी कशाचेही त्याला वावडे नव्हते. सतराव्या वर्षी हॉइकच्या शाळेत तो साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी तेथील दुसऱ्या एका शाळेचा मुख्याध्यापक. गावात जेम्स मरे नावाची माणसे बरीच होती. म्हणून त्याने आपल्या नावापुढे ‘ऑगस्टस हेन्री’ अशी दोन नावे स्वतःच जोडून घेतली. तरुण वयातील ही हौस पुढे त्यांच्या स्वाक्षरीत कायमची राहिली.

घरी, शेतात आणि बाजारात जेम्स स्कॉच बोली बोलत असे. शाळेतील पुस्तके मात्र लंडनच्या इंग्रजीत असत. शिकलेली मंडळी बोलीला गावंढळ समजत. जेम्सला तसे वाटले नाही. या बोलीतील कित्येक शब्द आणि उच्चार जुन्या इंग्रजीतून थेट चालत आलेले आहेत, पुस्तकी भाषेने ते टाकून दिले आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. याच काळात अलेक्झांडर मेलव्हिल बेल या उच्चारशास्त्राच्या शिक्षकाशी त्याचा परिचय झाला. जीभ, ओठ आणि घसा यांच्या हालचालींवरून ध्वनी कसा ओळखावा आणि कागदावर कसा उतरवावा, याचे वळण त्याला तेथे मिळाले. बेल यांचा मुलगा ग्रॅहम याला मरे यांनी विजेचे प्राथमिक धडे दिले. त्या मुलाने पुढे टेलिफोन शोधून काढला.

१८६२ साली मरे यांचा मार्गारेट स्कॉट या शिक्षिकेशी विवाह झाला. दोन वर्षांत त्यांची तान्ही मुलगी दगावली आणि पत्नीला क्षयाने गाठले. हवापालट करावा, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. मरे यांनी मुख्याध्यापकाची जागा सोडली आणि लंडनमध्ये ‘चार्टर्ड बँक ऑफ इंडिया’त कारकुनी पत्करली. त्याचाही उपयोग झाला नाही. १८६५ साली मार्गारेट वारली. बँकेतले दिवस रुक्ष होते. घर ते कचेरी या प्रवासात मरे भाषांची पुस्तके वाचीत. त्यांत हिंदुस्थानीचाही समावेश होता, असे सांगतात. १८६६ साली त्यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीसाठी अर्ज केला आणि आपल्याला कमीअधिक येणाऱ्या भाषांची लांबलचक यादी त्यात दिली. ती जागा त्यांना मिळाली नाही. पुढील वर्षी त्यांनी एडा रथव्हेन यांच्याशी विवाह केला. या संसारात त्यांना अकरा अपत्ये झाली. १८७० साली ते लंडनच्या उत्तरेस मिल हिल येथील शाळेत पुन्हा शिक्षक झाले. दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवरील त्यांचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला आणि शिंप्याच्या या मुलाचे नाव भाषापंडितांत घेतले जाऊ लागले.

त्या पंडितांची ‘फिलॉलॉजिकल सोसायटी’ नावाची एक संस्था लंडनमध्ये होती. प्रचलित कोशांत ज्यांची नोंद नाही असे शब्द गोळा करावेत, एवढाच बेत तिने १८५७ साली आखला होता. काम सुरू झाल्यावर दिसून आले की, सुटलेल्या शब्दांची पुरवणी जोडून भागणार नाही. कोशच नव्याने रचावा लागेल. प्रत्येक शब्द भाषेत केव्हा आला, त्याचा अर्थ कसकसा पालटला, हे छापील पुस्तकांतील अवतरणांच्या आधारे दाखवायचे ठरले. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज अवघ्या तिसाव्या वर्षी वारले. दुसरे फ्रेडरिक फर्निव्हल हे उत्साही, पण एका कामावर टिकणारे नव्हते. वीस वर्षे चिठ्ठ्या साचत गेल्या आणि कोशाचे एक पानही निघाले नाही.

१ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार झाला आणि मरे संपादक झाले. दहा वर्षांत ६,००० ते ७,००० पृष्ठांचा कोश पुरा करावा, असे ठरले होते. शाळेची नोकरी सांभाळून हे होईल, असे मरे यांनाही वाटले होते! त्यांनी आवारात नालीदार पत्र्याची एक खोली उभारली, आत भिंतींना लागून हजारावर लाकडी खण केले आणि तिला ‘स्क्रिप्टोरियम’ म्हणजे लेखनागार असे भारदस्त नाव दिले. तेथे जुन्या चिठ्ठ्यांची पोती येऊन पडली. वजन दोन टनांच्या आसपास होते. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात एका उंदरीने पिलांसह संसार थाटलेला होता. एच या अक्षराचा गठ्ठा इटलीत सापडला. पी अक्षराच्या काही चिठ्ठ्या आयर्लंडमध्ये विस्तव पेटविण्याच्या कामी आल्या होत्या.

गोळा झालेल्या चिठ्ठ्यांत आणखी एक वैगुण्य होते आणि ते उंदरांमुळे आलेले नव्हते. वाचकांना सांगितले गेले होते की, पुस्तक वाचताना जो शब्द दुर्मीळ, जुना, नवा किंवा चमत्कारिक वाटेल तो टिपावा. वाचकांनी तेच केले. कोणाचे लक्ष जाणार नाही अशा रोजच्या शब्दांकडे खरोखरच कोणाचे लक्ष गेले नाही. ‘अब्यूज’ म्हणजे दुरुपयोग. हा शब्द इंग्रजीत सर्रास चालतो. पण त्याच्या पाच चिठ्ठ्याही मिळेनात. त्याचाच ‘अब्यूजन’ हा मृत झालेला भाऊबंद मात्र सुमारे पन्नास चिठ्ठ्यांवर विराजमान होता. अनोळखी शब्द डोळ्यांत भरतो आणि ओळखीचा दिसतच नाही, ही कोशकाराची फार मोठी अडचण असते. मरे यांनी इंग्लंड, अमेरिका आणि वसाहतींतील वाचकांना नवे आवाहन केले व साध्या शब्दांचीही अवतरणे मागविली. शिक्षक, पाद्री, गृहिणी, निवृत्त सैनिक अशा शेकडो लोकांनी विनामूल्य चिठ्ठ्या पाठविल्या. मरे यांच्या मुलांनी त्या अक्षरवार लावल्या. त्याबद्दल त्यांना तासावर खाऊचे पैसे मिळत. मुलांचे शब्दभांडार अर्थातच वयाच्या मानाने भलते वाढले.

कोशात काय घ्यावे आणि काय गाळावे, हा प्रश्न रोजच उभा राही. इंग्रजीच्या शब्दसंग्रहाला मध्य आहे, पण परीघ कोठे संपतो ते दिसत नाही, असे मरे यांचे मत होते. मध्यभागी सर्वांचे शब्द असतात. कडेला शास्त्रांचे, धंद्यांचे, बोलींचे आणि परभाषांतून आलेले शब्द असतात आणि ते हळूहळू विरळ होत जातात. त्या कडेवरच्या शब्दांसाठी मरे जाणत्यांना पत्रे लिहीत. वनस्पतीचे नाव असेल तर क्यूच्या वनस्पती उद्यानाला, होडीचे असेल तर न्यूकॅसलच्या धक्क्यावरील व्यापाऱ्याला. महाकवी टेनिसन यांनी कवितेत वापरलेला एक अनोळखी शब्द आपण कोठून घेतला आणि त्याचा अर्थ काय, असे त्यांनी खुद्द टेनिसन यांनाच विचारले.

अर्थाहून अवघड गोष्ट होती उच्चाराची. देवनागरीत वाढलेल्या वाचकाला लिहिले तसे वाचण्याची सवय असते. तरी ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च वेगळा, हे मराठी न येणाऱ्याला अक्षरावरून कळणार नाही. इंग्रजीत तर २६ अक्षरांवर चाळीसहून अधिक ध्वनींचा भार आहे. मरे यांनी त्यासाठी अक्षरांवर खुणा देऊन स्वतःची एक उच्चारलिपी बनविली आणि वापरातील प्रत्येक शब्दापुढे त्या लिपीत उच्चार दिला. जे शब्द मेलेले, त्यांच्यामागे खंजिरासारखी खूण घातली आणि त्यांचा उच्चार दिला नाही. ज्यांना बोलणारे कोणी उरलेच नाही, त्यांचा उच्चार सांगायचा तरी कोणाच्या तोंडचा?

जिवंत शब्दांचीही पंचाईत निराळी होती. जे शब्द पुस्तकांतच भेटतात ते कोणी ऐकलेले नसतात. मग प्रत्येक वाचक आपापला उच्चार ठरवितो. ‘वायुरूप’ या अर्थाचा ‘गॅसियस’ हा शब्द एकाच सभेत नामवंत शास्त्रज्ञ निरनिराळ्या तऱ्हांनी उच्चारताना मरे यांनी ऐकले होते. त्यांतला चूक कोण? फुलदाणीला इंग्रजीत जो शब्द आहे तो कोणी ‘व्हेस’ म्हणे, कोणी ‘व्हेझ’, कोणी ‘व्हाझ’, तर कोणी ‘व्हॉझ’. एका पत्रलेखकाने अशाच शंकेवर निवाडा मागितला, तेव्हा मरे यांनी तो देण्याचे नाकारले. माणसे सारखी चालत नाहीत, सारखे जेवत नाहीत, मग सारखे बोलावे हा आग्रह कशासाठी, बोललेले समजावे म्हणजे झाले, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. कोशकाराने निकाल द्यावा अशी लोकांची अपेक्षा होती. मरे यांनी साक्षीदाराची जागा पत्करली. ज्याची मायबोली लंडनकरांनी चुकीची ठरविली होती, त्याला ही भूमिका जवळची वाटावी, यात नवल नाही.

तरीही ते सदैव तटस्थ राहिले असे म्हणता येणार नाही. ‘सायकॉलॉजी’, ‘न्यूमोनिया’ या ग्रीक वळणाच्या शब्दांच्या आरंभी पी हे अक्षर लिहितात आणि बोलताना गाळतात. ही सवय मरे यांना विद्वत्तेला न शोभणारी वाटे. त्यामुळे शब्दाचे मूळ झाकले जाते, म्हणून पी उच्चारावा, असे त्यांनी कोशात सुचविले. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्यांचे ऐकले नाही. मराठीनेही हे शब्द घेतले ते प न उच्चारताच.

पहिला भाग ‘ए’पासून ‘अँट’ म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत आला. ३५२ पृष्ठांचा हा भाग १८८४ साली प्रसिद्ध झाला. करारातील निम्मा काळ संपला होता आणि अद्याप पहिले अक्षरही पुरे झाले नव्हते. १८८५ साली मरे शाळा सोडून ऑक्सफर्डला गेले. घरामागील बागेत नवे पत्र्याचे लेखनागार उभे राहिले. शेजारच्या प्राध्यापकांच्या दृष्टीआड व्हावे म्हणून ते दोन-तीन फूट जमिनीत खोल बसवावे लागले. तेथे ओल येई, थंडीत पाय गारठत, मरे यांना वारंवार सर्दी होई. पत्रव्यवहार एवढा वाढला की टपाल खात्याने त्यांच्या घरासमोरच पेटी बसविली. मुद्रणालयाचे चालक अधिक पृष्ठे, अधिक वेगाने मागत होते. पुरावा मिळाल्याशिवाय मरे पुढे सरकत नव्हते. या ओढाताणीत त्यांनी राजीनाम्याचा विचारही केला होता.

दोन साहाय्यकांची नावे येथे सांगितली पाहिजेत. डॉ. विल्यम मायनर हे अमेरिकन सैन्यातील शल्यचिकित्सक. मनोविकाराच्या भरात त्यांनी १८७२ साली लंडनमध्ये एका निरपराध माणसाला गोळी घातली आणि ब्रॉडमूरच्या बंदिस्त रुग्णालयात त्यांची रवानगी झाली. तेथील कोठडीत पुस्तकांच्या ढिगात बसून त्यांनी कोशाला हजारो अवतरणे पुरविली. सत्य कळल्यावरही मरे यांनी त्यांना तोडले नाही. ते १८९१ साली त्यांना भेटायला गेले. दुसरे साहाय्यक फिट्झएडवर्ड हॉल. हेही अमेरिकन. १८४६ साली बंगालच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि ते भारतातच राहिले. बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. पुढे इंग्लंडमधील एका खेड्यात एकांतवासात राहून त्यांनी वीस वर्षे रोज काही तास कोशाची मुद्रिते तपासली. एवढ्या काळात मरे आणि हॉल यांची प्रत्यक्ष भेट एकदाही झाली नाही.

भारतातील कित्येक शब्द मरे यांच्या खणांत येऊन बसले होते. ‘जंगल’ या शब्दाच्या नोंदीत कोशाने हिंदीबरोबर मराठीचेही नाव दिले आहे. संस्कृतातील मूळ अर्थ कोरडी, ओसाड जमीन. इंग्रजीत तो शब्द गेला तो घनदाट अरण्य होऊन. त्याचे स्पेलिंगही पाहण्यासारखे आहे. आपला ‘अ’ दाखविण्यासाठी इंग्रजांनी तेथे यू घातला, कारण त्यांच्या ‘कट’मधील यू ‘अ’सारखाच ऐकू येतो. ‘पंडित’ आणि ‘पंजाब’ यांच्या स्पेलिंगमधील यूचे कारणही हेच. याउलट गोष्ट ‘पंच’ या पेयाची. पाच जिनसांचे म्हणून पंच, असे सतराव्या शतकात सुरत-मुंबईकडे येऊन गेलेल्या जॉन फ्रायर या डॉक्टरने लिहिले होते आणि लोकांनी ते मानले होते. मरे यांनी त्या शब्दाचा जुना उल्लेख शोधण्यासाठी इंडिया ऑफिसला लिहिले. त्या काळच्या इंग्रजी उच्चारात यूचा ध्वनी ‘उ’कडे झुकत असे. त्यामुळे ‘पंच’वरून हा शब्द आला हे मानणे अवघड जाते. ही अडचण कोशाने नोंदविली आणि सर्वांना आवडलेली व्युत्पत्ती शंकास्पद ठरविली.

चुकाही झाल्या. ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द मरे यांच्यापुढे आला होता. तो फारच तांत्रिक आहे असे वैद्यकातील जाणत्याने सांगितल्यावरून त्यांनी तो गाळला. १९०२ साली सातवे एडवर्ड यांना नेमका हाच विकार झाला, राज्याभिषेक पुढे ढकलावा लागला आणि तो शब्द घरोघर पोचला. आज जो शब्द कडेला आहे, तो उद्या मध्यभागी येणार की नाही, हे सांगण्याचे साधन मरे यांच्यापाशी नव्हते.

१९०८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. एडिंबरो विद्यापीठाने त्यांना पूर्वीच सन्मान्य डॉक्टर केले होते. ज्या ऑक्सफर्डचे नाव कोशाने जगभर नेले, त्या विद्यापीठाने मात्र त्यांना आपले मानायला फार उशीर लावला. तेथील सन्मान्य पदवी त्यांना १९१४ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी मिळाली. ऐंशीव्या वाढदिवशी कोश पुरा व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. २६ जुलै १९१५ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी ते वारले, तेव्हा टी या अक्षराचे काम चालू होते.

हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी आणि चार्ल्स अनियन्स या सहसंपादकांनी पुढचे काम पुरे केले. १९२८ साली शेवटचा भाग निघाला, तेव्हा कोशाची पृष्ठे १५,००० च्या वर आणि शब्द ४ लाखांच्या वर गेले होते. त्यांतील जवळपास निम्मी पृष्ठे मरे यांच्या हातची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांची उच्चारलिपी काढून तेथे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी घालण्यात आली. एक चिठ्ठी मात्र त्यांच्या हयातीतच हरवली होती. ‘बाँडमेड’ म्हणजे दासी. या शब्दाची चिठ्ठी इतर कागदांत दडून राहिली आणि बी अक्षराचा तो भाग तिच्याविनाच छापून गेला. मरे यांना ही गोष्ट फार लागली होती. १९३३ साली कोशाची पुरवणी निघाली, तेव्हा त्या दासीला तीत जागा मिळाली.